शनिवारची चादर

"देवळात चपला काढायच्या आणि इथे बुटांवर आणखी सपाता!" हे कुरकुरले. हंगेरीतल्या त्या जुन्या किल्ल्यात, लाकडी जमीन जपायला दिलेल्या सपातांत पाय ओढत आम्ही चौथ्या दालनात पोचलो.

गाईडचं बोलणं मुलगा मराठीत सांगत होता. "मालकांचा मुलगा परदेशी गेला. आई दर आठवड्याला या पलंगाची चादर बदलायची. वीस वर्षं..." तो मध्येच थांबला.

नाशिकला त्याच्या रिकाम्या पलंगावर मी दर शनिवारी धुतलेली चादर घालते. दोन वर्षांसाठी म्हणून तो बुडापेस्टला आला होता; नऊ झाली. आठवडाभर आम्ही तिघं हवेबद्दलच बोलत होतो.

दोरीपलीकडे वाकून मी म्हटलं, "उशीला सुरकुती राहिलीय."

ह्यांनी माझा हात धरला. "आता शनिवारी चादर नको बदलूस," ते म्हणाले. "तो परत येणार नाही."