जड हात

स्नायू किती कडक झालेत ते सोनोग्राफीवर मोजणाऱ्या त्या दोघींत विस्तव जात नसे. "तुझा हात जड. तू दाबतेस म्हणून आकडा चढतो," असं त्यांतली एक सहकारिणीला येताजाता सुनवायची आणि घरी लेकीपुढेही तेच उगाळायची. आज टेबलावर लेकच पालथी पडली होती. बाकी सगळी औषधं करून झाल्यावर उरलेलं शेवटचं औषध तिच्या कडक होत चाललेल्या पोटऱ्यांना लागू पडलं का, ते पाहायचं होतं. आईनं श्वास रोखून सोनोग्राफीचा प्रोब पोटरीवरच्या जेलवर नुसता टेकवला. आकडा मागच्यापेक्षा वर गेला. तिनं सहकारिणीला हाक मारली. "तू घे गं. आज माझाच हात जड पडतोय." सहकारिणीनं पीस ठेवावं तसा प्रोब ठेवला, पडद्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. आकडा तोच होता. आई पुसलेलीच पोटरी पुसत राहिली. "आई," लेक हसून म्हणाली, "आज चक्क तुम्हा दोघींचं जुळलं की."