पिंजऱ्यातला अणू

शेळीच्या गळ्यातली घंटा वाजत होती, तोवर सगळं ठीक होतं.

देवळालीच्या शिवारात, ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांपासून, म्हणजे कोप्यांपासून, हाकेच्या अंतरावर, वनखात्याने बिबट्यासाठी पिंजरा लावला होता. शेळीचा खण वेगळा. बिबट्या आत शिरला की दार पडणार आणि शेळी सुखरूप राहणार. दिवस नुकताच मावळला होता. टोळीतली माणसं पलीकडच्या उसाच्या फडात ट्रक भरायला गेली होती. कडेच्या कोपीत तान्हं बाळ घेऊन चांगुणा मागे राहिली होती, तिची थोरली जया होती, आणि चुलीला बसवलेली आपली नवी पट्टी अंधारात कशी चालते ते बघायला आलेली, कॉलेजात शिकवणारी अश्विनी होती.

पट्टी तळहाताएवढी. तिची एक बाजू जाळाकडे, दुसऱ्या बाजूला टेकलेलं गार पाण्याचं पातेलं. दोन बाजूंच्या गरम-गारातल्या फरकावर वीज तयार होई आणि दाराबाहेर बांबूला टांगलेला दिवा लागे. त्या उजेडात बैलगाडी दिसत होती, तिच्यापलीकडे पाण्याचं पिंप आणि मग उसाची पहिली ओळ.

"मागची पट्टी भाकरी व्हायच्या आत इझायची," चांगुणा म्हणाली. "जाळ हाय तसा, अन् दिवा गप."

"तिच्यातून उष्णता सरळ आरपार जायची, वहिनी. दोन्ही बाजू तापल्या की वीज कुठली?"

"मग हिच्यात काय येगळं हाय?" जयाने विचारलं.

अश्विनीने बाळाचा खुळखुळा उचलला. "हा बघ. या पट्टीच्या आत डोळ्यांना न दिसणारे पिंजरे असतात. अणूंचेच बनलेले. मागच्या वेळी ते रिकामे होते. या वेळी आम्ही त्यांच्यात एकेक जड अणू कोंडला. जागा ऐसपैस, म्हणून तो आत नुसता खुळखुळत राहतो. उष्णता पलीकडे जायला निघाली की त्या खुळखुळण्यात तिची वाट मोडते. वीज मात्र पिंजऱ्याच्या गजांवरून निसटून जाते."

जयाने खुळखुळा हातात घेऊन हलवून पाहिला. "त्यो भाईर येत न्हाई कंदी?"

"नाही. आला तर दिवा जाईल."

"आपल्या शेळीगत हाय."

"शेळीला पाला तरी मिळतोय," चांगुणा हसली. "तुमच्या अनूला काय घालता वो ताई?"

अश्विनीही हसली. आणि घंटा थांबली.

तिघीही ऐकत राहिल्या. पिंजऱ्याचं दार पडल्याचा आवाज आला नाही. शेळी ओरडलीही नाही.

"झोपली आसंल," जया हळूच म्हणाली.

दाराला गोणपाटाचा पडदा होता. अश्विनीने तो बोटभर सरकवला. उसाची ओळ दिसत नव्हती. तिने डोळे चोळले. मग तिच्या देखत पिंपही अंधारात गेलं.

"वहिनी, पातेल्यातलं पाणी बदललंत ना?"

चांगुणाचा चेहरा उतरला. "एवढं जळान घालून तापल्यालं पानी वतून द्यावंसं वाटंना, ताई. म्हनलं, लेकराला न्हाऊ घालावं."

पातेल्यातून वाफा निघत होत्या. गार पाणी होतं ते पिंपात, बाहेर. अश्विनीने बादली उचलली. चांगुणाने तिचं मनगट घट्ट धरलं आणि नुसती मान हलवली.

ओरडून उपयोग नव्हता. ट्रकचं इंजिन इथपर्यंत घरघरत होतं. चांगुणाचा मोबाईल नवऱ्याकडे होता आणि अश्विनीच्या मोबाईलची बॅटरी केव्हाच संपली होती.

उजेड आखडत होता. गाडीचं जू गेलं. माल लादायचा साटा गेला. प्रयोगशाळेत हीच गोष्ट मीटरवरचा एक आकडा असायची आणि ती शांतपणे तो टिपून घ्यायची. पाणी एकदा उकळलं की त्याहून तापत नाही, हे तिला ठाऊक होतं. आतले अणू आपलं काम करत असतील, तर फरक थोडा तरी उरेल आणि दिवा कुठेतरी थांबेल. मुलांना तिने हे फळ्यावर कितीदा काढून दाखवलं होतं. आता तिला काहीच पटत नव्हतं. ती गाडीच्या चाकाकडे बघत राहिली. चाकाचा वरचा भाग गेला. खालचा राहिला. राहिलाच.

"थांबला," ती पुटपुटली. "वहिनी, जाळ कमी होऊ देऊ नका."

कोपीच्या मागे उसाचं वाळलेलं पाचट चुरचुरलं.

"कुत्रं हाय का गं, आई?"

"कुत्रं भुकलं आसतं." चांगुणाने बाळाला पदराखाली ओढलं.

चुरचूर थांबली. मग पुन्हा आली, या वेळी उजव्या अंगाने, दाराकडे सरकत. अश्विनीला आपलाच श्वास मोठ्याने ऐकू येत होता. तेवढ्यात तिच्या कानाजवळ खुळखुळा वाजला.

"जये, गप!" चांगुणा दबक्या आवाजात ओरडली.

"गप कशी बसू?" जयाचा हात थांबत नव्हता. "ताईच म्हनल्या न्हवं, खुळखुळल्याव वाट मोडती."

चांगुणाने लेकीकडे पाहिलं. मग बाळाला अश्विनीच्या मांडीवर टाकलं, कोपऱ्यातला कोयता उचलला आणि ॲल्युमिनियमच्या ताटावर दणादणा मारायला लागली. बाळ किंचाळून उठलं. अश्विनी एका हाताने त्याला धरून दुसऱ्या हाताने चुलीत पाचट सारत राहिली.

बाहेर चाकाचा तेवढाच भाग उजेडात होता. शेळीची घंटा अजून वाजली नव्हती.

जयाचा हात भरून आला. तिने खुळखुळा दुसऱ्या हातात घेतला.