कोकिळाची फाइल

अश्विनीच्या दोन्ही हातांवर ओली मेंदी होती, म्हणून कॉम्प्युटरसमोर भगवानरावांना बसावं लागलं. मुलगी मागे उभी राहून सांगत होती, बाप एका बोटाने दाबत होता. दारात त्यांची थोरली बहीण सिंधूताई चष्मा पुसत उभ्या होत्या. उद्या दुपारी मांडवात मंगलाष्टक त्यांनाच म्हणायचं होतं.

ते अश्विनीच्या आईने, कोकिळाने लिहून ठेवलं होतं, लेकीसाठी, वारण्याच्या महिनाभर आधी. धाड गावातल्या लोकांचे अर्ज टाइप करून देता देता तिने कागदावर लिहिणं सोडूनच दिलं होतं. जे होतं ते या कॉम्प्युटरमध्ये होतं, दुसरीकडे कुठेच नव्हतं.

फाइल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याच्या खुणा. शब्द एकही नाही. भगवानरावांनी मान तिरकी करून पाहिलं.

“हे काय व्हय?”

“आईनं तिच्या जुन्या प्रोग्राममधी टाइप केलं होतं,” अश्विनी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. “आता ते दुसऱ्याच एडिटरमधी उघडून राह्यलं.”

“हा दुसरा कोण?”

“मागच्या महिन्यात मी सॉफ्टवेअरचं नवं पॅकेज टाकलं ना, पत्रिका बनवाले. त्याच्यासंगं त्याचा एडिटर आला. आता लिहिण्याची कोणतीबी फाइल उघडा, तोच पुढं येते.”

“काऊन? त्याले कोणं सांगतलं?”

“कोणीच नाही. आपोआप व्हते ते.”

भगवानरावांना काही उमगेना. कोकिळा वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी लिहीत आली. माणसाला सुद्धा एवढ्या वर्षांत सवय कळते. मग या यंत्राला कशी कळली नाही?

“आपोआप कसं? पाहुणा घरात येते तं आधी विचारते, कुठं बसू. हा सरळ तिच्या खुर्चीवर जाऊन बसला?”

“विचारलं असन बाबा त्यानं. मीच न वाचता पुढं-पुढं दाबत गेली.”

“तुले विचारून काय फायदा? लिहिणारी ती. विचाराचं तं तिले विचारा.”

बाहेर मांडववाला बांबू सरळ धर म्हणून कोणावर तरी ओरडत होता.

“नसन सापडत तं राहू दे, भगवान,” सिंधूताई म्हणाल्या. “मले दुसरं पाठ आहे. गावातल्या साऱ्या पोरींच्या लग्नात म्हटलं, तेच म्हणीन.”

“नाही, आत्या.”

अश्विनीचे डोळे भरले. हात वर धरलेले, त्यामुळे पुसता येईनात. भगवानरावांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने तिचे डोळे पुसले आणि पुन्हा पडद्याकडे वळले.

“मी काय दाबू ते सांग.”

“फाइलवर उजवं बटन. यादी आली? आता खाली जा. अजून खाली.”

नवा एडिटर यादीत सगळ्यात वर होता. जुना पार तळाशी.

“म्हणजे काढून नाही टाकला त्यानं?”

“नाही. मागं ढकलला नुसता.”

“मोठे उपकार झाले,” भगवानराव म्हणाले, आणि दाबलं.

अक्षरं आली. मराठी, धड, ओळीखाली ओळ. सिंधूताईंनी चष्मा लावला, वाकल्या आणि चालीवर हलकेच म्हणून पाहू लागल्या. त्यात अश्विनीची शाळेची सायकल होती, तिने थापलेली पहिली कच्ची भाकर होती. भगवानराव पडद्याकडे न बघता ऐकत राहिले. शेवटच्या कडव्याशी सिंधूताई अडखळल्या.

“इथं नुसती टिंबं आहेत रे.”

नवरदेवाचं नाव यायचं तिथे तीन टिंबं होती. कोकिळा असताना एकही स्थळ आलेलं नव्हतं. ती गेल्यावर, वर्षाच्या आत उरकायचं म्हणून सगळी धावपळ झाली.

“राजकुमार टाका ना, बाबा,” अश्विनी म्हणाली.

“आतापासूनच नाव घेऊन राह्यली पाह्य!” सिंधूताई म्हणाल्या. अश्विनी रडता रडता हसली.

भगवानरावांनी बोट टिंबांजवळ नेलं. तिथेच थांबले.

“याच्यात नको. तिनं लिहिलं ते तसंच राहू दे. कागद कसा काढाचा ते सांग.”

प्रिंटरमधून कागद आला. खिशातला पेन काढून त्यांनी टिंबांवर नाव लिहिलं. जागा थोडी, नाव मोठं. शेवटची दोन अक्षरं कोकिळाच्या पुढच्या शब्दावर चढली.

सिंधूताईंनी कागद डोळ्यांजवळ धरला. ती ओळ दोनदा म्हणून पाहिली.

“चालीत नाही मावत हे नाव, भगवान.”

“थोडं दम धरून म्हण, बाई,” भगवानराव म्हणाले. “तिनं जागा तं सोडली आहे.”