चांदणीचं स्थळ

“काकी, ही चांदणी काढून टाकू काय?” पुंडलिकानं हळूच विचारलं.

“काढून बघ, हात मोडीन,” रुक्मा म्हणाली. “पोरीच्या कपाळी जे हाय ते लपवून मला लगीन करायचं न्हाई.”

रामनगरच्या बसस्टँडसमोर, सायकल दुकानाच्या माडीवर पुंडलिकाचं वधूवर केंद्र होतं. त्यानं नुकताच कॉम्प्युटर आणला होता आणि त्याला रोज उदबत्ती ओवाळत होता. ज्या स्थळाबद्दल बघायला येण्याआधीच काही सांगून टाकणं बरं, त्या नावापुढं तो एक चांदणी टाकी. रुक्माला वाचता येत होतं ते बसची पाटी वाचण्यापुरतं. पण फुला या नावापुढची चांदणी ओळखायला शाळा लागत नव्हती.

बाकावर खानापूरकडची एक बाई पोराच्या स्थळासाठी येऊन बसली होती. तिनं पोरीचं वय विचारलं. सव्वीस, असं ऐकल्यावर ती चुकचुकली. म्हणाली, फार उशीर केलात.

“व्हय. तीन वरसं उशीरच झाला.”

“मंगळ हाय काय?”

“मंगळ परवडला असता.”

बाई बाकावर जरा लांब सरकून बसली. रुक्माच्या तोंडाला लागायचं धाडस तिच्या गावात, बाजारकुणंगातही कुणी करत नसे, ते खानापूरची काय करणार.

रुक्माचा एकुलता एक नागू लाकडाच्या ट्रकावर होता. तीन पावसाळ्यांमागं ट्रक घाटात उलटला आणि घरात दोघीच राहिल्या. तेव्हापासून फुला शेणापासून लावणीपर्यंत सगळं करी, फक्त बोलत नसे. लग्नाचं काढलं की तिचं एकच, घर सोडून जायची नाही. मी मेल्यावर मग भिंतीशी बोलत बस, असं रुक्मानं सुनावलं आणि त्या रात्री दोघीही जेवल्या नाहीत. पंधरवड्यानं फुला चुलीपुढं बसून म्हणाली, बघा तुम्हाला काय करायचं ते. रुक्मानं दुसऱ्या दिवशीची पहिली बस धरली.

चांदणीवाल्या मुलीला चांदणीवालाच मुलगा शोधायचा, हा पुंडलिकाचा नेम. त्यानं वय आणि भाग घातला, चांदणीची कळ दाबली आणि यंत्राला नावं विचारली. छपाईचं यंत्र करकरत सुटलं. कागद मेजावरून खाली लोंबला तरी थांबेना.

एवढे चांदणीवाले आपल्याकडं कधी आले, याचं पुंडलिकालाही नवल वाटलं. पण यंत्र चुकत नाही, असं त्याला क्लासात शिकवलं होतं. त्यानं सगळ्यांना कार्डं टाकली.

ठरल्या रविवारी माणसं आली. पुंडलिक एकेकाला गॅलरीत नेऊन चांदणी कशाची ते सांगे. ऐकलं की प्रत्येकाला आपली बस आठवे. एका बापानं तर कप आपटला. आमच्या पोरात काय खोट आहे म्हणून असं स्थळ कळवलंत, म्हणाला. खोट पोरात नसंल, घरात आसंल, रुक्मा म्हणाली. तो जिना उतरून गेला.

पुंडलिक घाबरला. खाली एसटीडीवर जाऊन त्यानं बेळगावच्या क्लासातल्या सरांना फोन लावला आणि मान खाली घालून वर आला.

“काकी, माझी चूक झाली. शोधताना यंत्राला नुसती चांदणी दिली तर ते समजतं, कायबी चालंल. म्हणून त्यानं सगळीच पोरं काढून दिली. चांदणीच पायजे म्हणून सांगायचं तर तिच्याआधी एक तिरकी रेघ मारायला लागती.”

“म्हंजे रेघ नसली तर कायबी चालतं त्याला?”

“व्हय.”

“माणसापरीस बरं हाय म्हणायचं तुझं यंत्र.”

त्यानं रेघ मारून पुन्हा विचारलं. करकर झाली न झाली तोच थांबली. एकच नाव. हल्याळचा एक ठेकेदार, वयानं साठीचा. पुंडलिकानं यंत्रात त्याच्या वयाचा आकडाच चुकीचा घातला होता, म्हणून तो निघाला. घरी तीन सुना. सुनांच्या भाकऱ्या गिळंनात काय त्याला, असं म्हणून रुक्मानं पिशवी उचलली. मग ती मांडीवर घेऊन परत बाकावर बसली. एवढ्या मोठ्या मुलखात एक म्हातारा, एवढंच फुलाच्या वाट्याचं.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. जंगलातल्या गुंद गावचा भिकाजी आणि त्याची आई. बस चुकल्यामुळं उशीर झाला होता. भिकाजी चांगला शेती करून होता, पण जंगलात पोरगी द्यायला कुणी तयार होत नसे.

पुंडलिकानं आधीच हात जोडले. कार्ड चुकून गेलं, तुमच्या नावापुढं चांदणी नाही, म्हणाला आणि गॅलरीत नेऊन दोघांना फुलाची चांदणी कशाची ते सांगितलं. रुक्मा त्यांच्या पायांकडं बघत राहिली. पाय जिन्याकडं वळले नाहीत.

भिकाजी आत येऊन तिच्यासमोर बसला.

“तिच्या मनात हाय काय?”

सकाळपासून हे कुणीच विचारलं नव्हतं.

“व्हय म्हणलीया. पर बोलत न्हाई फारसं. बोलती करायला लागंल.”

“मला घाई न्हाई.”

रुक्मानं पदरानं नाक पुसलं आणि धुळीला शिवी दिली. मग ती फुलाचं सांगत सुटली. तिच्या हातचा भात, तिनं वाचवलेली गाभण म्हैस, पूर्वी ती हसली की शेजारी ऐकू जायचं ते.

भिकाजीच्या आईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“ती आली की तुमच्याजवळ कोण?”

“कोण न्हाई.”

“आईशिवाय एवढं कोण करतंय, अक्का.”

“आई मेली तिची, ल्हान असताना.”

“मग तुमी कोण तिच्या?”

“सासू,” रुक्मा म्हणाली.