बाणापुढचा बाण

ऑफिसच्या एक्सेलमध्ये मॅक्रो लिहून तिनेच तो मेनू बनवला होता. विभागापुढच्या बाणावर माउस नेला की माणसांची नावं उघडायची, आणि तिथे मेनू संपायचा.

आज तिच्या नावापुढे आणखी एक बाण होता.

"माझ्या फाइलला कोणी हात लावला?"

शेजारच्या हिशेबनिसाने कानावर हात ठेवले. "मॅडम, मला बेरीज करायलाही तुम्ही लागता!"

तो जरा जास्तच गोड हसला, असं तिला वाटलं. तिने बाण उघडला. त्यातून 'मुलगी' निघालं, आणि त्यापुढच्या बाणातून 'खिडकीपाशी'.

तिने घाईघाईने घरी फोन लावला. "पिल्लू, कुठे आहेस गं?"

"खिडकीपाशी."

"एकटीच ना?" बोलता बोलता तिने शेवटचा बाण उघडला. 'आई'.

पलीकडे पोरगी खुदकन हसली. "अगं, माझ्या मागे उभी राहून फोन कशाला करतेस?"