चार ओळींचं पत्र

"माणूस काढायचा असेल, तर आधी त्याला मोठं करायचं," तो म्हणाला.

वहिनींनी वही पुढे ओढली. रंगीत पेन्सिलींचा हा कारखाना त्यांच्या सासऱ्यांचा. सासरे गेल्यापासून कारभार सुनेकडे होता आणि अख्खा कारखाना तिला वहिनीच म्हणायचा. तो मात्र बाहेरचा. डब्यांवरची चित्रं काढून देणारा, आठ गिऱ्हाइकं सांभाळणारा माणूस. वहिनींनी नाव ऐकून त्याला मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

नुसती चित्रं देऊन पैसे घेणाऱ्यांतला तो नव्हता. पहिल्याच भेटीत त्याने विचारलं, "डबा आधी कोण उचलतं? आई की मूल?" मग तो तीन दिवस दुकानांत उभा राहिला आणि उत्तर घेऊन आला, की मूल उचलतं आणि उलटा करून बघतं, तेव्हा आतल्या पेन्सिली दिसायला हव्यात त्या खालून. खप वाढला. मग वहिनी त्याला किमतीबद्दल विचारू लागल्या, मग यंत्रांबद्दल. वर्षभरात चित्रकाराचा सल्लागार झाला. गिऱ्हाइकाला विचारायचे चाळीस प्रश्न त्याच्याकडे तयार असत. घरचं मात्र काही विचारायचं नाही, हा त्याचा नियम होता.

आज गोष्ट माणसांवर आली होती आणि याचीच तो वाट बघत होता. म्हातारा मॅनेजर त्याच्या डोळ्यांत सलत होता. पहिल्या दिवशी त्याला बाहेरच्या बाकावर दोन तास बसवून मॅनेजर म्हणाला होता, "तुम्हाला चित्रं काढायला बोलावलंय. मतं घरी ठेवा." हा अपमान त्याने जपून ठेवला होता.

"मोठं करायचं म्हणजे?" वहिनींनी विचारलं.

"केबिन द्यायची. प्रत्येक बैठकीला बोलवायचं. आपल्यावाचून इथलं पान हलत नाही असं त्याला वाटू द्यायचं. बाहेर जे काही आधार असतील, ते त्याच्याच हातून तोडायचे. डोक्यातलं सगळं वहीत उतरवून घ्यायचं. आणि एका सकाळी कुलूप बदलायचं. भांडण नाही, कारण नाही. चार ओळींचं पत्र."

"करून पाहिलंय कुठे?"

"खेळण्यांच्या कारखान्यात. रंग मिसळणारा एक म्हातारा होता, अतिशहाणा. रंग नखाला लावून उजेडात बघायचा. चार लोकांत मला म्हणाला, तुमचा हा लाल टिकणार नाही. मालक तेव्हा माझ्या शब्दाबाहेर नव्हते. म्हाताऱ्याला रंगप्रमुख केला, त्याची सगळी मिश्रणं लिहून घेतली आणि सात महिन्यांत घरी बसवला."

"लाल टिकला का?"

तो हसला. "तो मुद्दा नाही."

"आणि त्यांचं पुढे काय झालं?"

"कोणाचं?"

वहिनी खाली मान घालून लिहीत होत्या. पान भरल्यावर त्यांनी पेनाला टोपण लावलं. "तुम्ही म्हणता तसंच करू. अगदी शब्दाला शब्द. फक्त बाहेर कुठे बोलू नका."

पुढच्याच आठवड्यात मॅनेजरला नवी केबिन मिळाली. शेजारचीच त्यालाही मिळाली. "लक्ष ठेवायला बरं," वहिनी म्हणाल्या. प्रत्येक बैठकीत आता दोघेही असत आणि वहिनी सगळ्यांसमोर त्याच्याकडे वळून म्हणत, "तुम्ही सांगाल ते." मॅनेजर खाली मान घालून बसे. ते बघून त्याला मनातून गुदगुल्या होत.

"तुमचं चित्त आठ ठिकाणी असतं," एकदा वहिनी म्हणाल्या. "मला पूर्ण माणूस हवाय."

त्याने एकेक गिऱ्हाईक सोडलं. शेवटचा बिस्किटवाला, पंधरा वर्षांपासूनचा. "नीट विचार केलास ना बाबा?" बिस्किटवाल्याने फोनवर विचारलं. "परत आलास तर जागा नसेल." "मी आता चित्रं काढत नाही," तो म्हणाला, आणि हे म्हणताना त्याला फार बरं वाटलं.

मग वह्या आल्या. "मॅनेजर त्यांना माहीत असलेलं सगळं लिहून देताहेत," वहिनी हळूच म्हणाल्या. "एकट्यांनाच लिहायला लावलं तर संशय येईल. तुम्हीही लिहा." त्याने दुकानं, किमती, चाळीसच्या चाळीस प्रश्न लिहून काढले. दोन जाड वह्या भरल्या.

पत्रही त्यानेच लिहिलं, नावाची जागा कोरी ठेवून. चार ओळींसाठी सबंध दुपार घालवली. आपल्या कामाची यापुढे गरज नाही. आपलं सामान फाटकावर मिळेल. कारण विचारू नये. भेट मागू नये.

"सोमवारी," पत्र वाचून वहिनी म्हणाल्या.

सोमवारी तो कडक इस्त्रीचा शर्ट घालून अर्धा तास आधीच आला. मॅनेजरचा चेहरा त्याला पहिल्यापासून बघायचा होता. केबिनच्या कुलपात त्याने किल्ली घातली. किल्ली फिरेना. काढून पुन्हा घातली.

"बसा," मागून मॅनेजर म्हणाला आणि त्याने बाकाकडे बोट दाखवलं. मग हातात पाकीट दिलं.

चारही ओळी त्याच्याच होत्या. कोऱ्या जागेत त्याचं नाव होतं.

तो बाकावर बसला. "वहिनींना बोलवा," तो म्हणाला. "काहीतरी चूक झालीय."

"वहिनी रंगखान्यात आहेत. त्यांचे वडील आलेत." मॅनेजरच्या आवाजात राग नव्हता. "नऊ वर्षं घराबाहेर पडले नव्हते म्हणे. आजपासून रंगांचं तेच बघणार आहेत."

रंगखान्याची काच बाकासमोरच होती. आत वहिनींनी लाल रंगाची वाटी पुढे धरली. एका वाकलेल्या म्हाताऱ्याने बोट बुडवलं, अंगठ्याच्या नखावर रंग ओढला आणि नख खिडकीच्या उजेडात धरलं.