उलटे महिने

"डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर..." सर्वेश एका दमात जानेवारीपर्यंत आला आणि हसला.

मरोळच्या मैदानावर अमेरिकन फुटबॉलची फायनल संपायला पाच मिनिटं उरली होती. चेंडू घेऊन पळणाऱ्या सर्वेशला दोघांनी एकदम आडवं केलं आणि त्याचं डोकं हेल्मेटसकट जमिनीवर आदळलं. यंदापासून नवा नियम आला होता. डोक्याला मार लागला की आधी फिजिओच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची, महिने उलटे म्हणून दाखवायचे. चुकला तो मॅच संपेपर्यंत बाहेर.

कॅप्टन नितेश, सर्वेशचा मोठा भाऊ, शेजारीच उभा होता. उलटे महिने आधीच पाठ करून ठेवायचे ही त्याचीच अक्कल. नियम कळल्या कळल्या त्याने अख्ख्या टीमकडून ते घोटून घेतले होते. शाळेत ज्यांना सतराचा पाढा कधी आला नाही, त्या धटिंगणांनी आठवड्यात महिने पाठ केले. तेव्हा नितेशला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं होतं.

"झकास," फिजिओ बेव्हर्ली म्हणाली. "चालतोयस पण नीट. जा आत." तिने सही करायला पेन टेकवलं.

मघाशी पडून उठलेला सर्वेश सरळ समोरच्या टीमच्या ओळीत जाऊन उभा राहिला होता. पोरं हसली, पण त्याला हाताला धरून परत आणताना नितेशला हसू आलं नव्हतं. बेव्हर्लीला ते दिसलं नव्हतं. टीम चार पॉइंटांनी मागे होती आणि सर्वेशसारखा पळणारा दुसरा कुणी नव्हता. नुसतं गप्प बसलं की काम होत होतं.

"थांब गं," तो म्हणाला. "महिने मीच पाठ करून घेतलेत सगळ्यांकडून. त्याला स्टेशनं विचार."

बेव्हर्लीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मान खाली घातली.

"बोरिवलीवरून अंधेरीला ये रे," ती सर्वेशला म्हणाली. "एकेक स्टेशन सांग."

"एवढंच? बोरिवली, कांदिवली, मालाड..." सर्वेश थांबला. पुन्हा बोरिवलीपासून निघाला आणि पुन्हा मालाडलाच अडकला. पुढचं स्टेशन गोरेगाव. दोघं भाऊ तिथेच लहानाचे मोठे झाले होते.

बेव्हर्लीने कागदावर काट मारली.

"कॅप्टन, तूच वाट लावलीस यार!" टीममधला आकाश मैदानातून ओरडला. नितेशने ते ऐकून घेतलं. फायनल गेली हे त्यालाही कळत होतं, आणि रडू येत होतं ते फायनलसाठी नव्हतं. त्याने भावाला बाकावर बसवलं, पाण्याची बाटली हातात दिली आणि मैदानाकडे वळला.

सर्वेशने मागून त्याची जर्सी धरली.

"दादा," त्याने उत्साहाने विचारलं, "मॅच कधी सुरू होणार?"